अडुसष्ट किलोंचा माणूस

माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, नोकरीभर लिफ्टच्या डब्यात उभे राहिले आणि निवृत्त झाल्यावर त्यांना मोकळ्या आभाळाची ओढ लागली. मग त्यांनी काय करावं? राहता फ्लॅट विकला, ट्रक घेतला आणि ट्रकच्या पाठीवर ठेवायला आणखी एक डबा घेतला. त्यातच झोपायचं, त्यातच स्वयंपाक, त्यातच आंघोळ, आणि असं जन्मभर हिंडायचं. डब्याच्या दोन्ही बाजूंना त्यांनी निळ्या रंगात हातभर अक्षरांत लिहून घेतलं: मोकळीक. आत जागा नसल्यामुळे बाहेर लिहिलं असेल, असं मी तेव्हाच म्हणाले होते. पण मेव्हणीचं ऐकतो कोण.

डब्याची ओळख आधी करून देते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातच घडलं. ट्रकच्या टपावर डब्याचं नाक पुढे आलेलं, त्या नाकात पलंग. पलंगावर उठून बसलं तर डोकं छताला लागतं, म्हणून तिथे फक्त आडवं व्हायचं. खाली उतरलं की उजव्या हाताला दोन शेगड्या आणि वाडग्याएवढं बेसिन, डाव्या हाताला घडीचं टेबल आणि फळीची दोन बाकं. मागच्या दाराशी एक कपाट, त्यात संडास. तेच न्हाणीघर, आणि आत कोणी नसेल तेव्हा केरसुणी आणि ओले बूटही तिथेच. मधे उभं राहायला जागा एका माणसाची. एकजण उभा असेल तर दुसऱ्याने बसायचं, नाहीतर पोटाला पोट घासतं, आणि भावोजींचं पोट घासाघाशीत नेहमी पुढे. म्हणून दोघांत एक रीत पडली. उठायचं असेल तर आधी विचारायचं, "उठू का?" समोरून "ऊठ" आलं की मगच उठायचं. रीत दोघांसाठी होती. पण भावोजी बहुतेक वेळ उभेच असायचे, त्यामुळे विचारणं ताईच्या वाट्याला आलं.

माझी ताई कवळ्या बनवते. दंतवैद्य तोंडाचं माप काढून पाठवतात, त्या मापावरून दात घडवायचं काम तिचं. बाजाराच्या मागच्या इमारतीत एका म्हाताऱ्या कारागिराची लॅब होती. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळा संपल्या संपल्या ताई त्यांच्या हाताखाली लागली ती केस पांढरे होईपर्यंत तिथेच. प्लॅस्टरचे साचे, गुलाबी मेण, छोटी मोटर, टोकदार कोरण्या. तिचा एक हट्ट होता. सगळे दात एका रेषेत, एकसारखे पांढरेशुभ्र बसवायला ती तयार नसायची. एखादा किंचित वाकडा ठेवायची, एखाद्यावर चहाची पिवळट छटा द्यायची. "माणसाला त्याचे दात परत द्यायचे असतात, जाहिरातीतल्या बाईचे नाही," म्हणायची. रस्त्यात कोणी हसलं की ती टक लावून त्याच्या तोंडाकडे बघते, आणि लोक भलतेच गैरसमज करून घेतात. भावोजींना पहिल्यांदा भेटून आली तेव्हा आई दारातच उभी होती. "कसा आहे?" ताईने विचार करून सांगितलं, "वरचे दात चांगले आहेत." खालच्यांविषयी आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही, ही चूक झालीच.

भावोजींचं काम लिफ्टची देखभाल. कुठे लिफ्ट अडकली की त्यांना बोलावणं जायचं. बंद दारासमोर हात मागे बांधून उभे राहायचे आणि आतल्या माणसांना खणखणीत आवाजात सांगायचे, "घाबरू नका. दार उघडू नका. उड्या मारू नका. शांत उभे राहा, मदत येत आहे." हे वाक्य त्यांनी आम्हाला प्रत्येक लग्नात, बारशात आणि एकदा तर मयतीत ऐकवलं आहे. आतली माणसं रडतात, ओरडतात, एकमेकांवर खापर फोडतात, असं सांगताना त्यांना फार मजा यायची.

लिफ्टवाल्याच्या डोक्यात एकच देव बसलेला असतो: वजन. ट्रकच्या पाठीला किती पेलेल त्याचा आकडा ठरलेला. त्यातून डबा वजा, पाणी वजा, माणसं वजा, मग उरेल तेवढं सामान. भावोजींनी दारातच एक ताणकाटा टांगला आणि आत जाणारी प्रत्येक चीज आधी त्याच्या हुकाला लटकू लागली. टॉवेल अर्धे कापले. टूथब्रशच्या दांड्या कापल्या. ताईने हौसेने घेतलेल्या जाड बुडाच्या पातेल्याला जन्मठेप झाली, ते माझ्या माळ्यावर आलं. वर नियम असा की एक वस्तू आत आली तर तेवढ्याच वजनाची एक बाहेर गेली पाहिजे.

शेवटी ताईने तिची पेटी आणली. मोटर, कोरण्या, दातांचे डबे, प्लॅस्टरची पिशवी. वाटेतल्या गावांत काम मिळेल, कवळी काय कुठेही तुटते, असा तिचा साधा हिशेब.

भावोजींनी पेटी काट्याला लावली आणि मान आडवी हलवली. "अगं, हा ट्रक आहे, मालगाडी नाही."

"आणि तुमचे ते कॅमेरे?"

"ते कामाचे आहेत."

"आणि ते उडणारं यंत्र?"

"त्याच्याशिवाय डबा वरून कसा दिसणार लोकांना?"

डबा लोकांना वरून दिसला नाही तर जगून काय उपयोग, हे ताईला पटलं असावं, कारण पेटी माझ्याकडे आली. माझी लाँड्री आहे. पुढे दुकान, वर दोन खोल्यांत मी एकटी, मागे फरशीचं अंगण आणि अंगणभर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. पेटी मी इस्त्रीच्या टेबलाखाली ठेवली. ताईने तिच्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "वर्षाचाच तर प्रश्न आहे. एक वर्ष फिरू आणि मग कुठेतरी दोन खोल्या घेऊ, असं म्हणालेत हे." माझी बहीण काही गरीब गाय नाही. लॅबमध्ये चढ्या आवाजात बोलणाऱ्या दंतवैद्याला ती चिमट्यात साचा धरून दारापर्यंत पोचवून यायची. पण घरी मात्र मूग गिळून बसायची. मला त्या दिवशी राग आला तो तिचाच. भावोजींचा आधीच इतका आलेला होता की नव्याला जागा नव्हती.

वर्षाची दोन वर्षं झाली. दोन खोल्यांचा विषय निघाला की भावोजी खिडकीतून डोंगर दाखवायचे. मधल्या काळात ते इंटरनेटवर 'कॅप्टन' झाले होते. रोज सकाळी कॅमेऱ्यासमोर बसून कमीत कमी वस्तूंत कसं जगावं यावर प्रवचन द्यायचे. पाठीमागे ताई शेगडीपाशी वाकून काहीतरी करत असायची. प्रवचनात तिचा उल्लेख 'माझी सहप्रवासी' असा यायचा. सहप्रवासी पाणी भरायची, संडासाची टाकी रिकामी करायची आणि डबा उतरवायचा असला की त्याचे पाय फिरवायची. या डब्याला चार कोपऱ्यांना चार लोखंडी पाय असतात. साखळ्या सोडायच्या, हँडल फिरवून पाय खाली टेकवायचे, आणखी फिरवलं की डबा ट्रकवरून अधांतरी उचलला जातो, मग ट्रक खालून पुढे काढायचा. भावोजींची पाठ धरलेली. म्हणून हँडल ताई फिरवायची आणि भावोजी खुर्चीत बसून सांगायचे, "डावा मागचा थोडा! उजवा पुढचा! हळू!" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

एवढं सगळं वजन जपूनही ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बसले. खड्ड्यात गेला की डबा घोड्यासारखा मान टाकायचा. मेकॅनिक म्हणाला, बोजा जास्त होतोय, आधी काट्यावर घाला. भावोजींना तो स्वतःचा अपमान वाटला. माझ्याकडे यायच्या वाटेवर त्यांनी ट्रक वजनकाट्यावर नेला, तो मेकॅनिकचे दात घशात घालायलाच.

पुढचं मला ताईने सांगितलं. भरल्या ट्रकचा आकडा आला, तो जास्तच होता. काट्यावरचा माणूस म्हणाला, आता माणसं उतरा. ताई उतरली, आकडा थोडासा हलला. मग भावोजी उतरले, आणि आकडा असा घसरला की त्या माणसाने काच पुसून पुन्हा पाहिलं.

झालं होतं असं. डब्याच्या दाराशी भावोजींनी एका भंगारात निघालेल्या लिफ्टची पितळी पाटी ठोकली होती: 'क्षमता २ व्यक्ती, १३६ किलो'. लिफ्टच्या धंद्यात माणूस म्हणजे अडुसष्ट किलो. लुकडा असो, जाडा असो, अडुसष्ट. जन्मभर हाच आकडा धरून ज्याने हिशेब केला, त्याने घरातही तोच धरला. टूथब्रशची दांडी तोलणारा माणूस स्वतः कधी त्या हिशेबात उभाच राहिला नाही. खरे भावोजी शंभरच्या पुढे निघाले. ताई पन्नासालाही पोचली नाही.

"सरासरी काढ ना," भावोजी म्हणाले. "तुझं कमी, माझं जास्त. जवळपास बरोबरच येतं."

"म्हणजे माझ्या वाटणीचं वजनही तुम्हीच खाल्लंत," ताई म्हणाली.

एवढं बोलून ती ट्रकमध्ये चढली. पण पुढे भावोजींच्या शेजारी बसली नाही, मागे डब्यात जाऊन बसली. डब्यातून पुढे जायला दार नसतं. बाहेर उतरून, फेरी मारून जावं लागतं. त्यामुळे त्यांच्याकडे भांडण झालं की एकजण पुढे आणि एकजण मागे, अशी सोय आपोआप असते. त्या दिवशी माझ्या अंगणात शिरेपर्यंत दोघं तसेच आले.

अंगणात ट्रक उभा राहिला आणि माझ्या निम्म्या दोऱ्या अडल्या. "दोन दिवसांचा प्रश्न आहे, लाँड्रीवाल्या बाई," भावोजी म्हणाले. यांचे प्रश्न किती दिवसांचे असतात ते मला माहीत होतं. ओल्या चादरी मी जिन्याच्या कठड्यावर घातल्या आणि जेवायला वाढलं.

जेवण झालं. माझ्या स्वयंपाकघरात तीन माणसं नाचू शकतील एवढी जागा आहे. भावोजी हात धुवायला गेलेले. ताई ताट हातात घेऊन खुर्चीत तशीच बसलेली, माझ्याकडे बघत. मला कळेना हिला काय हवंय. मग तिने विचारलं, "उठू का?"

मी म्हटलं, "ताई, हे माझं घर आहे." तिला उमगलं, ती ओशाळून हसली आणि उठली. पण उठताना तिने कोपरं अंगाशी आवळून घेतली होती, कुठे लागू नयेत म्हणून. मला रडू आलं नाही, संताप आला. भांडी मी जरा जास्तच आपटली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मास्तरांचा फोन आला. डोळे गेले, म्हणाले. लॅब बंद करतोय. जागा सोमवारी दुपारी मालकाच्या ताब्यात द्यायची आहे आणि भंगारवाला तेव्हाच येणार. पण माझं काम करायचं टेबल, भट्टी, साच्यांची कपाटं तुझ्यासाठी बाजूला ठेवली आहेत. माझे डॉक्टरही तुझ्याकडेच पाठवीन. फक्त दुपारच्या आत गाडी घेऊन ये. मला सामान सांभाळून ठेवायला दुसरी जागा नाही, आणि दुसरं कोणी माणूसही नाही.

ताईने फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा मी बघत राहिले. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो चेहरा माझ्या ओळखीचा दिसला.

"अहो," ती भावोजींना म्हणाली, "उद्या सकाळी डबा इथे उतरवू या. रिकामा ट्रक हवाय मला. अर्ध्या दिवसात परत आणते."

इथेच घोडं पेंड खायला लागलं. सोमवारी सकाळी भावोजींना समुद्रकाठच्या एका मेळाव्याला निघायचं होतं. डबेवाल्या जोडप्यांचा मेळावा, आणि कॅप्टनचं भाषण. विषय, 'सोडून देण्यातलं सुख'.

"टेबल आणून ठेवणार कुठे तू?" भावोजी म्हणाले. "डब्यात?"

"ते मी बघीन."

"अगं, वस्तूंच्या पाशातून बाहेर पडलो ना आपण? दोन वर्षं मी काय सांगतोय लोकांना?"

"लोकांना सांगताय. मला एकदाही विचारलं नाहीत."

ताईने त्या दिवशी दाताच्या कण्या केल्या. मेळाव्याला एक दिवस उशिरा जाऊ म्हणाली. भाषण फोनवरून करा म्हणाली. शेवटी म्हणाली, "हे गेलं तर माझ्या हातात काहीच राहत नाही हो." भावोजींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेने म्हणाले, "काहीच नसणं, तेच तर शिकायचंय." मी इस्त्री करत होते. गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या बाहीवर मी एक डाग पाडला तो तेव्हाच.

संध्याकाळी ताईने इस्त्रीच्या टेबलाखालची पेटी बाहेर ओढली, उघडली, कोरण्या एकेक करून कापडाने पुसल्या. मग मला म्हणाली, "उद्या सकाळी पुढच्या दोरीवर काही घालू नकोस. ट्रक सरळ पुढे काढावा लागतो." मी तिच्याकडे पाहिलं. तिने पेटी बंद केली.

सोमवारी सकाळी भावोजी डब्यात घडीच्या टेबलाशी बसले, कानांवर ती मोठी भोंग्यासारखी यंत्रं चढवली आणि लाइव्ह प्रवचन सुरू केलं. पाठ पुढच्या बाजूला, तिथल्या लहान खिडकीकडे. या खिडकीतून ट्रकच्या केबिनची मागची काच दिसते. बाहेर ताईने साखळ्या सोडल्या, विजेची वायर काढली आणि हँडल फिरवायला घेतलं. एका पायाला थोडं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, असं फेर धरत. हे सगळं प्रवचन आता इंटरनेटवर आहे, हवं तर बघा. त्यात भावोजी कौतुकाने म्हणतात, "हा आवाज ऐकताय ना? माझी सहप्रवासी निघायची तयारी करतेय." त्यांना वाटत होतं, रात्री आधाराला टेकवलेले पाय वर जात आहेत.

पाय खाली जात होते. डबा कणाकणाने उचलला गेला. ताई पुढे जाऊन बसली आणि ट्रक सुरू झाला. दोन्ही बाजूंना हातभर जागा, आणि ती अशी सरळ निघाली की कुठे ओरखडा नाही. लग्नाआधी स्वतःच्या छोट्या गाडीतून शहरभर दात पोचवायची ती. भावोजींनी ट्रकचं चाक कधी तिच्या हाती दिलं नव्हतं म्हणून तिला येत नव्हतं असं नाही. उतरण्याचा जिना ट्रकच्या मागच्या पट्टीला बांधलेला असतो. तो ट्रकबरोबर गेला.

प्रवचनात दिसतं ते असं. भावोजींच्या डोक्यामागे खिडकीतली काळी काच हळूच सरकते, उजेड येतो, आणि त्या उजेडात एक बाई उभी असते, कडेवर बादली आणि तोंडात कपड्यांचे तीन चिमटे. ती मी. बघणारे लिहू लागले, कॅप्टन, मागे बघा. कॅप्टन, मागे कोण बाई आहे? भावोजी हसून म्हणाले, "अहो, मागचं दृश्य रोज बदलतं, हीच तर या जगण्यातली गंमत आहे!"

मग कोणीतरी लिहिलं, तुमचा ट्रक गेला.

भावोजींनी मागे पाहिलं. मी चिमटे तोंडातून काढून हात केला.

दार धाडकन उघडलं. बाहेर एक पाय टाकला आणि तो हवेतच राहिला. खाली माणसाच्या उंचीएवढं मोकळं आणि त्याखाली माझी फरशी. "हे काय? ही कुठे गेली?"

"मास्तरांकडे. दुपारपर्यंत येते म्हणाली."

"आणि मी?"

"तुम्ही आहातच की."

"शिडी आण! तुझ्याकडे शिडी आहे ना?"

"आहे. पण डबा पायांवर असताना त्याला काही टेकवायचं नाही, आत हलायचं नाही, नाहीतर डबा कलंडतो. तुमच्याच प्रवचनात ऐकलंय."

डबा खरंच किंचित डोलला. भावोजींची पाचावर धारण बसली. ते हळूच मागे सरकले आणि दाराच्या चौकटीला धरून जिथे होते तिथेच, दारात बसले. "अगं, हँडल तरी असेल ना, खाली घे मला!"

"हँडल ताई घेऊन गेली."

मला हा क्षण आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हता. मी बादली खाली ठेवली, डब्यासमोर उभी राहिले, हात मागे बांधले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "घाबरू नका. उड्या मारू नका. शांत बसा, मदत येत आहे."

माझ्या लाँड्रीतल्या दोन्ही बायका इस्त्र्या टाकून अंगणात आल्या होत्या. त्या पोट धरधरून हसल्या. भावोजींनी दोन-चार शब्द वापरले ते मी लिहीत नाही. मग ते ओरडून ओरडून दमले. मी माझं काम करत राहिले. कपडे झटकले, घातले, आधीचे काढले. बऱ्याच वेळाने वरून वेगळाच आवाज आला, बारीक.

"ती येईल ना परत?"

मी वर पाहिलं. कॅप्टनची टोपी काढून मांडीवर ठेवलेली, केस घामाने चिकटलेले, आणि पाठीमागच्या पितळी पाटीवर 'व्यक्ती' एवढाच शब्द दिसत होता, बाकीचा त्यांच्या डोक्याआड गेलेला. मला त्यांची दया आली. मी काही दगड नाही. पण त्या प्रश्नाचं उत्तर मलाही माहीत नव्हतं. तिच्याकडे ट्रक होता, टाकी भरलेली होती आणि हातात धंदा होता. तिच्या जागी मी असते तर आलेच नसते, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. चहाचा पेला बांबूला बांधून वर दिला.

ती आली, दुपार कलल्यावर. ट्रकवर दोरखंडाने आवळलेलं टेबल, त्याच्या फळीवर मेणाचे आणि जळल्याचे जुने डाग, भट्टी, कपाटं, आणि पुढे केबिनमध्ये मास्तरांच्या खुर्चीची उशी. कपाळावर प्लॅस्टरची पांढरी रेघ. ट्रक बाजूला लावून तिने हँडल काढलं आणि डबा खाली घ्यायला लागली. या वेळी 'डावा मागचा' वगैरे कोणी सांगितलं नाही. डबा उतरत उतरत पार फरशीवर बसला. भावोजी दारात होते तसेच बसून होते, फक्त खाली खाली आले.

"हे टेबल आत येणार," ताई म्हणाली. "घडीचं टेबल आणि ती बाकं निघतील. अंगणाचं मी हिच्याशी बोललेय."

बोलली नव्हती. मी मान डोलावली.

"अगं, पण वजन?" भावोजी म्हणाले. सवय, दुसरं काय.

"आता जमिनीवर आहे. जमिनीला पेलेल."

"आणि मेळावा? आपलं फिरणं?"

"ट्रक रिकामा आहे. तुम्ही जा की."

भावोजी ट्रककडे बघत राहिले. दोन वर्षांत तो ट्रक त्यांना पहिल्यांदाच इतका मोठा आणि इतका रिकामा दिसला असावा. जायला कोणी अडवलं नव्हतं. ते काही हलले नाहीत.

"बरं," ताई म्हणाली, "एक आत तर तेवढंच बाहेर, नियम तुमचाच आहे. टेबल काट्याला लटकणार नाही, पण उचलताना वाटलं, शंभरच्या थोडं पुढे असेल. तेवढ्या वजनाचं बाहेर काय काढता येईल, बघा."

सगळ्या बायका भावोजींकडे बघत होत्या. भावोजींनी डब्यात नजर फिरवली. कॅमेरे, उडणारं यंत्र, अर्धे टॉवेल. सगळं मिळूनही तेवढं भरलं नसतं, आणि वजनाच्या बाबतीत त्या माणसाला खोटं बोलता येत नाही. ते चौकटीला धरून उठले आणि बाहेर येऊन फरशीवर उभे राहिले. मग टेबलाचा एक पाय त्यांनीच धरला. पाठ धरलेली होती तरी.

मोकळीक आता माझ्या अंगणातच आहे. निम्म्या दोऱ्या कायमच्या गेल्या, मी गच्चीवर नव्या बांधल्या. डब्यात ताईची लॅब चालते, मास्तरांचे डॉक्टर तिच्याकडे आले, काही नवे आले. झोपायला दोघं अजून त्याच नाकात जातात. तिथे तसंही आडवं होण्यापलीकडे काही करायचं नसतं. रिकामा ट्रक घेऊन भावोजी दात पोचवतात. कवळीला पुठ्ठ्याची लहानशी खोकी लागते, आणि एवढा मोठा ट्रक त्या खोक्यासाठी गल्लीत शिरतो तेव्हा दवाखान्यातली माणसं खिडकीत येतात. प्रवचनं थांबली. ट्रक निघून जातानाचं ते एक मात्र लोक अजून बघतात. कॅप्टनला इतकं कोणी कधी पाहिलं नव्हतं.

परवा मी चहा घेऊन गेले. टेबल, भट्टी, कपाटं यांच्या मधून जी उभी राहायची जागा उरली आहे ती ताईची. भावोजी संडासाच्या कपाटाला टेकून एका स्टुलावर, गुडघे पोटाशी, मांडीवर पोचवायची खोकी. ताई मेणात एक दात बसवत होती, समोरचा, किंचित वाकडा. श्वास रोखून.

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं, चहाकडे पाहिलं, मग तिच्या पाठीकडे.

"उठू का?" त्यांनी विचारलं.

ताईने मान वर केली नाही. "बसा," म्हणाली.

भावोजी बसून राहिले.